पानगळीची पोती

[शाळेचं आवार, सकाळ. कॅमेरा जमिनीलगत. खराट्याचा आवाज.]

फेब्रुवारी संपत आला की पर्जन्यवृक्षाची पानगळ सुरू होते. सकाळी झाडलेलं आवार मधल्या सुट्टीपर्यंत पुन्हा पिवळं. एरवी पुण्यात या पानांचं काय होतं, ते पहाटे फिरायला जाणाऱ्यांना नाकानंच कळतं: कोपऱ्यात ढीग, ढिगाला काडी. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, घनकचरा व्यवस्थापन नियमांत ती आहेच. पण या प्राथमिक शाळेत पान जाळत नाहीत ते नियमाच्या धाकानं नव्हे. मार्चमध्ये पान साठवलं नाही तर जुलैत खरकट्याचं खत करायचा हौद सडतो, हे इथल्या चौथीच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ आहे.

[पोषण आहाराची पंगत. ताटं. बादली. लटकता तराजू.]

आधी वजन. जेवण झालं की उरलेली खिचडी, उसळ एका बादलीत गोळा होते आणि बादली काट्याला लागते. पहिल्या आठवड्यात हमखास होणारी चूक म्हणजे रिकाम्या बादलीचं वजन वजा करायचं राहून जातं, आणि आकडा फुगतो. दुसरी चूक जरा आतली आहे. पावसाच्या दिवशी हजेरी कमी, म्हणून खरकटंही कमी. मुलं टाळ्या वाजवतात. त्यासाठी आकडा हजेरीनं भागायचा. फळ्यावर बघा: साडेतीन किलो, हजेरी १४०, म्हणजे एका ताटामागे २५ ग्रॅम. उद्या हा २५चा आकडा खाली आणायचा.

तो खाली येतो वाढण्यानं. आधी एक डाव, हवं तर पुन्हा मागा. इतकंच. खताच्या हौदापेक्षा हा एक डाव जास्त कचरा वाचवतो, पण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं, आणि हौदात असतं.

[हौद. विटांच्या फटींतून दिसणारी पानं.]

तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. विटा एकमेकींना चिकटवलेल्या नाहीत. मध्ये दोन-दोन बोटं फट ठेवून रचल्यात, हवेसाठी. याहून लहान हौद केला तर आतली ऊब टिकत नाही. शेजारी दुसरा तसाच, कारण एक भरत असताना दुसरा पिकत असतो. एकाच हौदात रोज वरून टाकत राहिलं तर खालचं तयार खत काढायचं कसं, हा प्रश्न बऱ्याच शाळांना हौद बांधून झाल्यावर पडतो.

तळाला अर्धा फूट नारळाच्या शेंड्या आणि काटक्या. पाणी निथळायला. त्यावर एक बादली ओलं, दोन बादल्या सुकं पान. शेवटचा थर नेहमी पानाचाच. खरकटं उघडं दिसलं की दुसऱ्या दिवशी चिलटं, तिसऱ्या दिवशी उंदीर. खिचडी टाकण्याआधी चाळणीत निथळून घ्यायची, कारण पाणी आणि तेल दोन्ही हवेची वाट अडवतात. विरजण म्हणून मागच्या खेपेचं घमेलंभर खत. ते नसेल तर शेणकाला किंवा आंबट ताक. विकतची पावडर लागतेच असं नाही.

पानापानातही फरक असतो. पर्जन्यवृक्षाचं पान चांगलं. गुलमोहराची पानं एकटीच टाकली तर भिजून त्यांची पोळी बसते, म्हणून ती मोठ्या पानांत मिसळायची. बदाम, वड, फणस चिवट. पोत्यात भरून वर नाचायचं, चुरा होतो. हे काम पहिलीकडे आहे आणि त्यांच्याकडून ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

[क्लोज-अप: मूठ.]

आता ही मूठ. हौदात हात घालायचा, मूठभर उचलायचं, दाबायचं. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला, ठीक. धार लागली, तर पान कमी पडलं. मूठ उघडल्यावर सगळं भुरभुर सुटलं, तर पाणी शिंपडा. ओलावा मोजायची यंत्रं मिळतात. मुठीइतकी स्वस्त आणि मुलांना कळणारी नाहीत.

नाकाचंही काम आहे. डोळ्यांत झोंबणारा, मुतारीसारखा वास आला तर ओलं जास्त झालंय, पान घाला. सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही, उकरून वरखाली करा. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलंय.

[पांढुरक्या अळ्यांचा थवा. मुलांच्या किंकाळ्या, मग हसू.]

या अळ्या दिसल्या की मोठी माणसं फिनेल ओततात. ओतू नका. काळ्या सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या या अळ्या आहेत, घरमाशीच्या नव्हेत. खरकटं झपाट्यानं खातात. ही माशी अन्नावर बसत नाही, चावत नाही. फिनेलनं अळ्या मरतात आणि खत करणारे जीवाणूही, मग हौद थंड पडतो.

हौद गरम आहे का ते बघायला थर्मामीटर नको, लोखंडी सळई पुरते. मधोमध पाच मिनिटं खोचून ठेवायची, ओढून हात लावायचा. धरवत नसेल, तर आत काम चाललंय. आठवड्यातून एकदा दाताळ्यानं वरखाली. अडीच-तीन महिने.

[वर्ग. जमिनीवर चादर. तिच्यावर सुका कचरा.]

सुक्या कचऱ्याची शाळा वेगळी. हे वेष्टन बघा, बिस्किटाचं, आतून चंदेरी. मुलं ते मुठीत चुरगाळतात आणि सोडतात. फुलून परत उलगडलं, तर ते प्लॅस्टिक, वर धातूचा मुलामा. चुरगळलेलंच राहिलं, तर खरी ॲल्युमिनियमची फॉइल. फॉइलला भंगारात भाव आहे, या चकचकीत वेष्टनाला बहुतेक नाही, कारण चिकटलेले थर सुटे करता येत नाहीत.

दुधाची पिशवी मात्र चालते, धुऊन वाळवली तर. कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा. तो नखाएवढा तुकडा एकदा सुटला की कोणाच्याच हाती लागत नाही. गटारात, नाहीतर या हौदात. तयार खत चाळताना चाळणीवर काय उरतं ते पुढे दिसेलच.

[फाटकाजवळ कचरावेचक मावशी. ढकलगाडी.]

पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ सालची. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि घरोघरचा कचरा उचलू लागली. सुका कचरा शेवटी हातानंच निवडला जातो, हे मुलांना चित्रातून सांगून कळत नाही. म्हणून आज मावशी चादरीवर बसल्यात.

"मावशी, हे घेता का?"

"याचं काही येत नाही रे बाळा. हे दे, ते पण दे. हे खरकटं आहे, धुऊन आण."

फुटकी काच वेगळी, जाड कागदात गुंडाळून, वर लाल शाईनं 'काच' लिहून. सेल आणि ट्यूबलाईट त्याहून वेगळे. काय कशात टाकायचं, ती चौकट फळ्यावर कायमची आखलेली आहे.

वर्षानुवर्षं शहराचा कचरा पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांत नेऊन ओतला गेला; तिथल्या विहिरींचं काय झालं, ते तिथली माणसं सांगतात.

[चाळणी. काळं खत खाली पडतंय.]

भरलेल्या हौदाचा साधारण तिसरा हिस्सा उरतो. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसात माती दरवळते तसा वास. हाताला गरम लागलं तर अजून पिकलेलं नाही. शंका असेल तर मेथी पेरा: अर्धी माती, अर्धं खत, वीस दाणे. चार-पाच दिवसांत बहुतेक दाणे उगवले, तर खत तयार. नुसती पांढरी मुळं काढून कुजले, तर आणखी तीन आठवडे थांबा. कच्चं खत कुंडीला घालून झाड मारलेले कमी नाहीत.

चाळणीवर उरलंय ते बघा. आंब्याची कोय, करवंटीचा तुकडा. ते पुन्हा हौदात. आणि दुधाच्या पिशव्यांचे कोपरे. निळे, पांढरे. मुलं ते मोजतात आणि आकडा फळ्यावर लिहितात, हजेरीच्या खाली.

[मार्च. पोती भरणारी चौथी.]

पोतं गोणपाटाचं हवं. प्लॅस्टिकचं पोतं उन्हात पिचतं, त्याचे धागे सुटतात आणि खतात मिसळतात. पान वाळलेलंच भरायचं, ओलसर भरलं तर बुरशी धरतं. तोंड सुतळीनं बांधून जिन्याखाली, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, नाहीतर जूनच्या ओलीत तळ कुजतो. हौदाला पाऊस-पाण्याच्या चार महिन्यांत रोज दोन बादल्या पान लागतं. तो हिशेब करूनच पोती मोजतात. यंदा आज दुपारपर्यंत ३८ झाली आहेत.

ती पोती उघडतील तेव्हा ही चौथी या शाळेत नसेल. सुतळीची गाठ सरफासाची मारायला सांगितलंय, म्हणजे पुढच्यांना एका ओढीत सुटेल.