नोटीस लागली, आता खोली मोजा

नागपुरातल्या महाल भागात एका वाड्यात शिरतोय आपण. जरा वाकून या, दरवाजा बुटका आहे, आमच्या कॅमेरावाल्याने आत्ताच डोकं आपटून घेतलंय. आत ओसरी, ओसरीला लागून चार खोल्या, वर कवेलूचं छप्पर, आणि पुढच्या भिंतीवर परवा चिकटवलेला एक कागद. इमारत शिकस्त झाली आहे, राहणं धोक्याचं आहे, रिकामी करा.

पावसाळ्याच्या तोंडाला जुन्या नागपुरात असे कागद लागतात. महाल, इतवारी, गांधीबाग, जिकडे वाडे जुने तिकडे. महापालिका कायद्याच्या कलम 264 मध्ये पडायला आलेल्या बांधकामाचं काय करायचं ते लिहिलंय, आणि 2015 मध्ये राज्य सरकारने अशा इमारतींची वर्गवारी पण करून दिली. सी-1 म्हणजे लगेच खाली करा आणि पाडा, सी-2ए म्हणजे खाली करून दुरुस्ती, सी-2बी म्हणजे लोक राहतील आणि दुरुस्तीही होईल, सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. ऐकायला बरं वाटतं, पण भाडेकरूचं सगळं आयुष्य या एका अक्षर-आकड्यावर लटकतं.

इथल्या काकू तीस वर्षांपासून भाड्याने आहेत. घरात तीन बकेटा मांडलेल्या. भाडं महिन्याला 300 रुपये. दुरुस्ती काऊन नाही केली विचारलं तर म्हणतात, "मालक म्हनते भाडं किती देता पाहा. आन् आमी केली तं म्हनते हात लावू नका."

दोघंही खरं बोलून राहिले, हाच तर घोळ आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्ती मालकाने करायची असं स्पष्ट आहे, कलम 14. नाही केली तर भाडेकरूने 15 दिवसांची नोटीस द्यायची, स्वतः करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून कापायचा, पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंतच. म्हणजे काकूंचे वर्षाचे 3600, त्यातले कापता येतील 900. आता 900 रुपयांत कोणता मिस्त्री शिडी घेऊन येतो सांगा!

आणि हे वाड्याचंच नाही. मी स्वतः कॉलेजात असताना नंदनवनकडे टिनाच्या खोलीत राहिलोय, वर टिन, बाजूला टिन, अकरा पोरांत एक संडास, आणि मालक म्हणायचा कुलर लावशील तर मीटरचे वेगळे. 23 मे 2013 ला नागपूरचं तापमान 47.9 गेलं होतं, अशा उन्हात त्या टिनाखाली काय होत असेल ते मला कोणी विचारू नका. पण अशी खोली पडायला आलेली नसते ना, फक्त राहण्यालायक नसते, आणि शिकस्तची नोटीस लागते ती पडणाऱ्या घराला. महापालिकेचा माणूस भाड्याच्या खोलीच्या आत पाहतो तो बहुतेक डेंग्यूच्या दिवसांत, कुलरच्या टाकीत अळ्या आहेत का बघायला. टाकी ओतून देतो, बाजूची ओल त्यालाही दिसते, पण त्याच्या कागदावर ओलीचा रकानाच नाही.

तर भिंतीवरच्या कागदाकडे परत. काकूंना भिंत पडायची भीती नाही, भीती या कागदाची आहे. कारण महापालिकेने ताबडतोब पाडायचा हुकूम काढला की त्याच आधारावर मालकाला कोर्टात जागा खाली करून मागता येते. म्हणून नोटीस आली की सगळे आधी हेच विचारतात, ही आणवली कोणी? जुन्या लोकांना आठवत असेल, विदर्भात 1949 चा सीपी-बेरार, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचा, भाडे आदेश होता तेव्हा भाडेकरूला काढायची नोटीस द्यायच्या आधी मालकाला रेंट कंट्रोलरची, म्हणजे भाड्याची प्रकरणं पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, परवानगी काढावी लागायची. तो 2000 साली गेला.

पण एक गोष्ट काकूंना कोणीच सांगितली नव्हती. सांगलीकडच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये सांगितलंय, महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. आणि 2015 च्या त्याच सूचनांमध्ये आहे, खाली करायच्या आधी कोणाकडे किती चौरस फूट जागा आहे त्याची मोजणी करून नोंद ठेवायची. म्हणजे घर सोडावं लागलं तरी मोजणीचा कागद घेतल्याशिवाय सोडायचं नाही, आणि भाड्याच्या पावत्या जपून ठेवायच्या. काकूंच्या पावत्या पिठाच्या डब्यामागे निघाल्या, एका प्लास्टिकच्या पिशवीत, कोरड्या.

महापालिकेच्या झोन ऑफिसात मोजणीचा अर्ज उद्या द्यायचा ठरलं. तोवर काय, आमच्या लाइटवाल्याकडे टेप होता, त्यानेच काढला. खोली नऊ बाय अकरा. स्वयंपाकाची जागा पाच बाय सहा. काकू पदर खोचून मागे मागे फिरतायत, आकडे नातीला लिहायला सांगतायत. टेप गुंडाळायला लागला तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"अरे थांब ना बावा, मागची न्हानी राह्यली. तिचं फरसबंद मी सोता केलं आहे."