पार्ल्याची गाडी बोटीत चढते

[पहाट. विलेपार्ले पूर्व, सोसायटीचं पार्किंग.]

ही गाडी सहा वर्षांची आहे. ५४ हजार किलोमीटर झालेत, त्यातले निम्मे पार्ले-पुणे-पार्ले. मागच्या काचेवर गणपती, डाव्या दारावर रिक्षाने काढलेला ओरखडा. हीच गाडी न्हावा शेव्याहून बोटीने दुबईच्या जेबेल अली बंदरात जाईल, पुढे आखात ओलांडून इराण, तुर्कस्तान आणि रस्ता संपेल तिथे जर्मनी.

चालवणार काका-काकू. नावं नकोत म्हणाले. सोसायटीत त्यांना सगळे काका-काकूच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

जमिनीवरून का नाही? नेपाळमार्गे चीन, अशी एक वाट आहे. पण तिथे परक्या गाडीला तात्पुरती नंबरप्लेट, चालवणाऱ्याला तात्पुरतं लायसन्स आणि अख्ख्या प्रवासभर सोबत गाईड. काकांनी तो हिशोब एका पानावर मांडला आणि ते पान फाडून टाकलं. त्यामुळे शूटही करता आलं नाही.

[चर्चगेट. जिना. काकांच्या हातात फाईल.]

वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन. १९१९ पासून मुंबईत आहे. इथून मिळतं कार्ने. गाडी दुसऱ्या देशात तात्पुरती आली आहे, तिथे विकली जाणार नाही, याची हमी देणारं पुस्तक. मुदत एक वर्ष. काकू त्याला गाडीचं रेशनकार्ड म्हणतात, आणि पान जवळून बघितलं की ते पटतं.

एका पानाचे तीन तुकडे. देशात शिरताना कस्टमवाला खालचा तुकडा फाडून ठेवून घेतो. बाहेर पडताना मधला. वरचा तुकडा पुस्तकातच राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के लागतात, येतानाचा आणि जातानाचा. पहिल्या पानावर गाडीची कुंडली. इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, सिलिंडर किती, सीटचं कापड कुठलं, रेडिओ आहे का, जादा टायर किती.

[क्लोजअप. बॉनेटखाली कागद, पेन्सिल.]

चेसिस नंबर नुसता लिहून गॅरेजच्या मिस्त्रींचं समाधान होत नाही. कोरलेल्या अक्षर-आकड्यांवर ते पातळ कागद धरतात आणि वरून पेन्सिल आडवी घासतात. लहानपणी आपण नाण्याचा छाप काढायचो, तसा. एकेक अक्षर, एकेक आकडा वर येतो. सतरा. काकू मोजतात, मग आरसी बुकाशी ताडून पुन्हा मोजतात.

एखाद्या देशातून निघताना शिक्का राहिला, तर तो देश गाडीची पूर्ण ड्युटी मागू शकतो आणि ती कार्ने काढताना ठेवलेल्या हमीच्या रकमेतून जाते.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून निघाला, एक वर्षाचा. मूळ लायसन्स सोबत लागतंच. आपला मोटार इन्शुरन्स जादा प्रीमियम भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंतच वाढवता येतो. त्यापलीकडे नवा घ्यावा लागतो.

[रात्र. पार्किंगची भिंत. हेडलाइटचा उजेड.]

आता ही भिंत बघा. आपण डावीकडून चालवतो, म्हणून डिपरचा उजेड डाव्या बाजूला थोडा वर चढतो. फुटपाथ दिसावा, कडेने चालणारा माणूस दिसावा, यासाठी. भिंतीवर ती चढण स्पष्ट दिसते. दुबईपासून जर्मनीपर्यंत सगळी वाहतूक उजवीकडून. तिथे हाच चढलेला उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.

यासाठी तयार स्टिकर मिळतात. मिस्त्री मात्र काळी टेप घेतात. काकू भिंतीजवळ उभ्या राहून सांगतात, "अजून थोडं खाली… अजून… बास." टेपचा तिकोनी तुकडा काचेवर बसतो आणि भिंतीवरची चढण कापली जाते. राहते सरळ, सपाट रेघ. या एका रेघेसाठी पाऊण तास. मधे तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारतं, लाइट बंद करणार का?

टपावर तंबू आणि बंपरवर झगझगीत दिव्यांची माळ लावलेल्या गाड्या तुम्ही फोनवर पाहिल्या असतील. या गाडीच्या टपावर काही नाही. टेपचे दोन तुकडे मात्र आहेत.

[सकाळ. गॅरेज. बादलीत उतरणारं पाणी.]

रेडिएटरमधून हे काय निघालं? जवळजवळ नळाचं पाणी. मुंबईत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी झालं की वरून पाण्याची बाटली ओततात, कुणाचं काही अडत नाही. पण परतताना नोव्हेंबर उजाडणार, आणि पूर्व तुर्कस्तानात एर्झुरूमला तेव्हा रात्री पारा शून्याखाली असतो. पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनच्या ब्लॉकला तडा जाऊ शकतो. म्हणून सगळं उतरवून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. वायपरच्या टाकीतलं पाणीही बदललं. ते तर कुणाच्या लक्षातच येत नाही.

[सोसायटीचं अंगण. डिकीतलं सामान चटईवर.]

चटईच्या डाव्या बाजूला काकूंची निवड, उजव्या बाजूला नियमांची. लाल त्रिकोण गाडीबरोबर आलेला होताच. तो उलटा करून मागे गोलातलं 'ई' हे अक्षर आहे का, ते पाहिलं. तो युरोपीय मान्यतेचा छाप. चमकणारी जाकिटं दोन, माणशी एक. फ्रान्सच्या नियमाने ती गाडीच्या आत, हाताशी हवीत. डिकीत ठेवलेली चालत नाहीत. काकूंनी ती सीटच्या पाठीला अडकवली.

प्रथमोपचार पेटीवरून थोडा वाद झाला. काकूंच्या पेटीत ताप, पित्त, जुलाब, आयोडेक्स. जर्मन मानकाच्या पेटीत बँडेज, कात्री, हातमोजे, दोन मास्क आणि गोळी एकही नाही. शेवटी दोन्ही पेट्या गेल्या. त्यांच्यासाठी काकांची फोल्डिंग खुर्ची उतरली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेले फ्यूज, बल्ब आणि एक जादा बेल्ट मात्र राहिले.

डॅशकॅमवर ऑस्ट्रियात बंधनं आहेत. तो काढला.

मागे हा पांढरा लंबगोल, गाडी कुठल्या देशाची ते सांगणारा. वर काळ्या अक्षरांत आय, एन, डी. नंबरप्लेटवर ही अक्षरं निळ्या रंगात आधीच आहेत, पण इतकी बारीक की पाच पावलांवरून दिसत नाहीत. लंबगोलाची अक्षरं किमान ८ सेंटीमीटर उंच हवीत. काका पट्टी लावून मोजतात. पट्टी नातीच्या कंपासपेटीतली आहे. स्टिकर गणपतीच्या शेजारी बसतो, जरा तिरका. तिरकाच राहू द्या म्हणाल्या काकू.

[न्हावा शेवा. उघडा कंटेनर.]

कस्टमच्या इमारतीत कॅमेरा नेता आला नाही. तिथे साडेचार तास गेले.

कंटेनर वीस फुटी. आतून रुंदी २.३५ मीटर, गाडी १.७३. आरसे मिटून काका गाडी सावकाश आत घेतात. दोन्ही बाजूंना उरते वीतभराहून थोडी जास्त जागा. दार उघडत नाही. आता बघा, ६७ वर्षांचे काका खिडकीतून कसे बाहेर येतात.

[संवाद नाही. फक्त आवाज.]

चाकांना लाकडी ठोकळे. पट्टे ताणून जमिनीच्या कड्यांना. टाकीत पेट्रोल जेमतेम. बॅटरीची तार सुटी केलेली, टोकाला कापडी चिंधी. दारं बंद होतात. कडीत सील जातं, खटकन.

सीलवर नंबर असतो. काकू तो आधी वहीत लिहितात, मग पेनाने तळहातावर.