इंजिन तापलेलं असतानाच तपासा

सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. तासभर चालवून तुम्ही पंधरा मिनिटं कुठेतरी थांबता, परत येऊन चावी फिरवता, आणि आता सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची वेळ येते तरी इंजिन पकडत नाही. पाऊण तासाने तीच गाडी मुकाट्याने सुरू होते. मग तुम्ही ती गॅरेजला नेता. तिथे ती नंबर लागेपर्यंत उभी राहते, गार होते, मेकॅनिक चावी फिरवतो आणि म्हणतो, "काहीच प्रॉब्लेम नाही." तो खरंच बोलत असतो, कारण त्या वेळी प्रॉब्लेम नसतोच. म्हणून आज माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. हा दोष गाडी तापलेली असतानाच शोधायचा. गार गाडीवर अंदाजाने पार्ट बदलत बसलात तर पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो.

आधी हे पंधरा मिनिटांचं गणित समजून घ्या. चालू इंजिनात वॉटर पंप कूलंट खेळवत असतो, समोरून वारा येत असतो. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतं, पण ब्लॉकमध्ये आणि एक्झॉस्टच्या लोखंडात साठलेली उष्णता कुठे जाणार? ती आजूबाजूच्या पाइपांत, वायरिंगमध्ये, सेन्सरमध्ये शिरते. त्यामुळे गाडी थांबल्यावर पहिला काही वेळ बोनेटखालची गरमी उतरण्याऐवजी चढते. बंद करून लगेच चावी मारली तर गाडी सुरू होते आणि पंधरा मिनिटांनी होत नाही, त्याचं कारण हे.

आता पहिला प्रश्न कानाने सोडवायचा. सेल्फ नेहमीसारखा फिरतोय, की जड झालाय?

माझ्या स्वतःच्या गाडीचा सेल्फ गरम झाल्यावर जड ओढायचा. एकाच्या सांगण्यावरून बॅटरी बदलली, दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटर, खोलून नवे कार्बन टाकले. फरक शून्य. शेवटी एका दुपारी, गाडी तापलेली असताना, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवली आणि शेजारच्याला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे फार तर 0.3 व्होल्टच्या आसपास दिसायला हवे होते. मीटरने 1.4 दाखवले. म्हणजे स्टार्टरला मिळायचं व्होल्टेज अर्थिंगच्या वायरमध्येच, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतच्या वायरमध्येच, खर्च होत होतं. बोल्ट काढला तर लगखाली, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, हिरवट बुरशीसारखा गंज, आणि वायरचे निम्मे धागे इन्सुलेशनच्या आत तुटलेले. पॉलिश पेपरने धातू घासून चकचकीत केला, नवी वायर लावली, आणि जडपणा गेला तो गेलाच. मग गार असताना का त्रास नव्हता? तांब्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दर अंशाला साधारण 0.4 टक्क्याने वाढतो. स्टार्टरची वाइंडिंग, म्हणजे आतल्या तांब्याच्या तारांचे वेढे, 80 अंशांनी तापली की रोध जवळपास तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. गार गाडीत खराब अर्थिंग कशीबशी निभावून जाते, गरम झाल्यावर तेवढी सवड उरत नाही.

सेल्फ जोमात फिरतोय आणि तरी इंजिन पकडत नाही, तर आरपीएमच्या काट्याकडे बघा. अनेक गाड्यांत सेल्फ मारताना तो किंचित उचलतो. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र, असेल तर लाइव्ह डेटामध्ये आरपीएम वाचा, दोनशेच्या आसपास आकडा यायला हवा. शून्य दिसला तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय का हे मोजणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्या. अनेक गाड्यांत या सेन्सरमध्ये केसासारख्या तारेची कॉइल असते. ती तापून फुगली की आत कुठेतरी संपर्क सुटतो, इंजिन फिरतंय हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळत नाही, आणि तो प्लगचा करंट आणि पेट्रोल दोन्ही रोखतो. गार झाली की तार पुन्हा जुळते. पुष्कळदा एररसुद्धा नोंदवली जात नाही, म्हणून "स्कॅनरला काही दिसलं नाही" एवढ्यावर हा सेन्सर निर्दोष समजू नका. तिथे हात पोचत असेल तर गार पाण्यात भिजवलेलं फडकं सेन्सरवर धरा. दोन-तीन मिनिटांत गाडी सुरू झाली तर चोर सापडला.

आरपीएम येतोय, प्लगला करंटही येतोय, तर राहिलं पेट्रोल. इथे दोन अगदी उलट्या तक्रारी एकसारख्या दिसतात. पेट्रोल जास्त होतंय, की पोचतच नाही?

अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत अशा वेळी ईसीयू इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे नोझल, बंद ठेवतो. या रीतीने इंजिन अडखळत पकडलं आणि पेट्रोलचा वास आला, तर ते ओव्हरफ्लो होतंय. इंजेक्टर ठिबकत असेल, किंवा कूलंटचा तापमान सेन्सर चुकत असेल. तापलेलं इंजिन स्कॅनरवर 20 अंश दाखवत असेल तर ईसीयू गार इंजिनाच्या हिशेबाने पेट्रोल ओततो आणि प्लग भिजतात.

उलट, चावी ऑन करून पंपाची गुणगुण थांबेपर्यंत थांबा, ऑफ करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. आता लगेच सुरू झाली, तर रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब टिकत नाहीये. पेट्रोलचे हलके घटक उघड्या हवेत 40 अंशांच्या आतबाहेरच उकळू लागतात. दाबाखाली ते द्रव राहतात, दाब गेला की गरम रेलमध्ये वाफ होते. बहुधा पंपातला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप, किंवा गळका इंजेक्टर. इथे प्रेशर गेज लावूनच निकाल घ्या. पण तो गार इंजिनावर, दाब सोडून जोडा आणि मग गाडी चालवून तापवा. तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेट्रोलचा पाइप सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण, हे मी कळकळीने सांगतो.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या नळीत, सांडतं. कार्ब्युरेटरखालचा जाड इन्सुलेटर ओव्हरहॉलनंतर परत बसवला का, एवढं आधी पाहा. डिझेलमध्ये गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या इंजेक्टरमधून परत जातं आणि रेलला सुरू व्हायला लागणारा दाब चढत नाही. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी वेगळ्या बाटलीत सोडली की कोणती बाटली लवकर भरते ते दिसतं.

आणि गरम गाडी मिळणंच शक्य नसेल, तर गरमी तुम्ही आणा. दोन तारांचा कॉइलवाला क्रँक सेन्सर काढून टेबलावर ठेवा, मीटर ओहमवर लावा आणि हेअर ड्रायरची हवा त्यावर सोडा. आकडा सावकाश वाढत जाईल, तेवढं चालतं. तो वाढता वाढता एकदम गायब झाला, आणि ड्रायर बंद केल्यावर काही मिनिटांनी परत आला, तर तो सेन्सर गाडीत पुन्हा बसवू नका.