पश्चिमेची भिंत

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी झाली, पोरांचे किल्ले मोडले, आकाशकंदील माळ्यावर गेला. कोकणात घराला बाहेरून हात लावायचे दिवस हेच. पावसाने भिंतीची काय दशा केली ती आत्ता दिसते आणि होळीपर्यंत कोरडी हवा हाताशी असते. तेव्हा आज जुन्या घराच्या बाहेरच्या अंगाबद्दल बोलू. खरं तर एकाच भिंतीबद्दल, पश्चिमेच्या. दक्षिणेचीही तीच गत, कारण झड, म्हणजे वाऱ्याने आडवा मारणारा पाऊस, तिकडूनच येते.

रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात 700 च्या आसपास. पण घराला आकड्याची भीती नाही. आकडा कौलांवरून पागोळ्यांनी खाली जातो. भीती आहे ती आडव्या पावसाची. म्हणून आपल्याकडे भिंतीला कपडे घालायची रीत आहे. कुठे माडाची झापं, महाबळेश्वर-पाचगणीकडे गवताच्या ताट्या (त्यांनाही झडीच म्हणतात), आणि हल्ली सगळीकडे पत्रा. पत्रा दिसायला वाईट, हे मला मान्य आहे. ते मान्य होतं म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

आमचं गावचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. पश्चिमेच्या भिंतीवर आजोबांनी 1974 साली पत्रा ठोकून घेतला होता. मला आठवतो तो गंजलेलाच, वारा सुटला की रात्रभर धडधडणारा. मी पुण्याहून आले ती ठरवूनच: पत्रा काढायचा, गिलावा खरवडायचा, चिरा उघडा ठेवायचा. गुळाच्या ढेपेसारखा तो तांबडा रंग लोकांना दिसला पाहिजे! आमची आत्ते तिथेच राहते. ती एवढंच म्हणाली, "काढ. पत्रा टाकू नको गो, गोठ्यामागे ठेव."

पत्रा निघाला आणि आम्ही बघतच राहिलो. आत चुन्याचा गिलावा होता, कोरडा ठणठणीत. आणि त्यावर कोळशाने लिहिलेला आजोबांचा हिशोब. इतकी वर्षं अंधारात राहिलेला, काल लिहिल्यासारखा. "कलमे 12 पेट्या." त्याखाली "नारळ 340". आणि सर्वात खाली, जरा दाबून, "सुतारास देणे रु. 11".

मी आत्तेला विचारलं, "दिले का गं त्याचे अकरा रुपये?"

आत्ते म्हणाली, "दिले असणार. नाहीतर त्याने वरून पत्रा ठोकला असता होय?"

तेवढा हातभर गिलावा मी राखला. बाकीचा खरवडला, चिरा घासूनपुसून घेतला आणि सगळ्यावर, त्या हिशोबावरसुद्धा, पारदर्शक वॉटरप्रूफ लेप दिला. दोन हात. दुकानदाराने सांगितलं होतं, पाण्याचा थेंब आत जाणार नाही. फोटो काढले, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले, कौतुक झालं. (कौतुक करणाऱ्यांपैकी एकही जण पावसाळ्यात गावाला जात नाही, हे जाता जाता सांगते. घर कसं असावं यावर सर्वात ठाम मतं त्या घरात न राहणाऱ्यांची असतात. त्यांत मीही आलेच.)

आषाढात आत्तेचा फोन आला. "काही नाही गो, भिंतीला घाम सुटलाय."

गणपतीला गेले. माजघरातलं फडताळ उघडलं तर आतलं पंचांग फुगून उशीएवढं झालेलं. आतल्या भिंतीवर हात ठेवला तर तळवा ओला. बाहेर जाऊन बघते तर तो लेप सापाच्या कातीसारखा सुटला होता. जागोजागी फुगे. एकावर बोट दाबलं तर पाण्याची चिळकांडी माझ्याच तोंडावर. आणि आजोबांचा हिशोब? लेपाबरोबर सुटला, लेपालाच चिकटून जोत्यावर पडला. उचलून उजेडात धरला तर "नारळ" तेवढं वाचता येत होतं. सुताराचे अकरा रुपये गेले ते गेलेच.

आत्ते काही बोलली नाही. संध्याकाळी आरतीच्या आधी दोन गड्यांना घेऊन गोठ्यामागचे जुने पत्रे तिने सुंभाने भिंतीवर बांधून घेतले.

आता हे असं का झालं? थोडक्यात सांगते. चिरा सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना मऊ, वाऱ्यावर कडक होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस ब्युकॅनन नावाच्या माणसाने मलबारात हा दगड पाहिला आणि 1807 साली छापलेल्या पुस्तकात त्याला लॅटेराइट नाव दिलं, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. असा दगड पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला पाणी सोडू देतो. लेपाने ती वाट बंद झाली. पाणी मात्र शिरायचं थांबलं नाही. दगडांच्या सांध्यांतल्या भेगांतून, वरून, खालून जोत्यातून ते येतच राहिलं. पाणी शिरायला केसाएवढी भेग पुरते, बाहेर पडायला अख्खी भिंत लागते. परत सांगते: शिरायला केसाएवढी भेग पुरते, बाहेर पडायला अख्खी भिंत लागते.

जुन्या चिऱ्यावर सिमेंटचा जाड गिलावा केला तरी हेच होतं, फक्त दोन-तीन वर्षं उशिरा. लोणा लागतो, म्हणजे भिंतीवर खार फुटतो, पापुद्रे सुटतात, मग आपण रंगाऱ्याला शिव्या देतो. (रंगाऱ्याची चूक एवढीच की पोपटी रंग मागितला तर तो पोपटी देतो. हल्ली एसटीतून जाताना पोपटी, जांभळी, गुलाबी घरं बघून मला मुलाच्या बारशाला आल्यासारखं वाटतं. असो.)

तर मग भिंतीला काय घालायचं? चुन्याचा गिलावा जमत असेल तर पहिला मान त्याला. पण चुना मुरवलेला हवा, वाळू समुद्राची नको आणि घाई तर नकोच, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो. तसा हात असलेले गवंडी आता शोधावे लागतात. वरून आवरण हवं असेल तर फायबर सिमेंटचे बोर्ड मिळतात. ते गंजत नाहीत, पण वजनदार असतात, आणि कापताना उडणारी धूळ छातीला वाईट, तोंडाला मास्क हवाच. दुकानांच्या दर्शनी भागाला लावतात ते चकचकीत अॅल्युमिनियमचे पॅनेल घराला लावू नका. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 साली आग लागली, 72 माणसं गेली, आणि आग इमारतभर पसरली ती तसल्याच, आत प्लॅस्टिक भरलेल्या पॅनेलवरून.

राहिला पत्रा. अर्ध्या मिलिमीटरचा, जस्त-अॅल्युमिनियमचा मुलामा आणि वर रंग दिलेला घ्या. मातकट रंग घेतलात तर इतका काही वाईट दिसत नाही. आणि एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा: पत्रा भिंतीला चिकटवायचा नाही. आधी उभ्या पट्ट्या, त्यावर पत्रा, मध्ये दीड-दोन इंच हवा. खाली आणि वर फट मोकळी, तिला जाळी, नाहीतर उंदीर बिऱ्हाड करतात. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका, ठिणग्यांनी मुलामा जळतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. कात्रीने कापायचा. समुद्र जवळ असेल तर स्क्रू खाऱ्या हवेत टिकणारे. आणि ओल्या भिंतीवर आवरण नको. आधी ती सुकू द्या. पुन्हा सांगते, पत्रा भिंतीला चिकटवायचा नाही.

आम्ही तसंच केलं, पण पुढच्या वर्षी, माघात. भिंत तोवर नुसती सुकू दिली. खरवडल्या जागी चुन्याचा गिलावा करून घेतला, तो सुकल्यावर पट्ट्या मारल्या. सुतार पत्रा चढवणार इतक्यात आत्ते चुलीतला कोळसा घेऊन आली आणि गिलाव्यावर काहीतरी लिहून गेली. मी बघितलं नाही, खाली चहा गाळत होते.

काम संपलं. आठवड्याने सुतार राहिलेले पैसे न्यायला आला. म्हणाला, "काकू, बाराशे राहिले."

"सातशे," आत्ते म्हणाली.

"नाही हो काकू, बाराशे. माझ्या वहीत आहेत."

"माझे भिंतीवर आहेत," आत्ते म्हणाली. "काढ पत्रा आणि बघ."

तो त्या पत्र्याकडे बघत राहिला. साठ-सत्तर स्क्रू, सगळे त्यानेच पिळलेले. मग सातशे घेऊन गेला.

नमस्कार.