पित्ताशय काढल्यावर पोट का बिघडतं

पित्ताचे खडे झाले म्हणून ऑपरेशन करून घेतलेलं कोणी ना कोणी तुमच्या ओळखीत असणारच. 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमटन उडवाडियांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, आणि आता तर पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातो. बहुतेकांचं पुढे छान चालतं. मला बोलायचंय ते उरलेल्यांबद्दल, ज्यांना सकाळी चहा-पोहे पोटात गेले की लगेच संडासला पळावं लागतं, पातळ पिवळसर होतं, आणि एसटीने गावाला जायचं म्हटलं की धास्ती वाटते. घरचे म्हणतात टेन्शन घेतेस, पण तसं नाहीये हो.

पित्त बनतं लिव्हरमध्ये, रोज साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय फक्त ते साठवून, घट्ट करून ठेवतं आणि तूप-तेल पोटात गेलं की आतड्यात सोडतं. तीच पिशवी काढली की पित्त दिवसरात्र थोडं थोडं झिरपत राहतं. त्यातली जवळजवळ 95 टक्के पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटी परत शोषली जाऊन लिव्हरकडे जातात, पण उरलेली मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे गाठ पडते बॅक्टेरियांशी. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे काही जंतू कोलिक आम्ल या पित्ताम्लाचं डीऑक्सिकोलिक आम्ल करतात, आणि हे जास्त झालं की मोठं आतडं पाणी सोडायला लागतं, आकुंचन वाढतं, म्हणजे जुलाब. पिशवी नसल्यावर पित्ताच्या फेऱ्या वाढतात, त्यामुळे जंतूंच्या हाती माल जास्त लागतो.

आता माझी खरी तळमळ. जुलाब झाले की आपण मेडिकलवरून अँटिबायोटिक घेतो, दोन दिवस बरं वाटतं, परत तेच, परत गोळी. जंतुसंसर्ग नसताना असं करून आपण आतड्यातले उपयोगी जंतूही मारतो आणि मूळ कारण, म्हणजे जास्तीचं पित्ताम्ल, तिथंच राहतं. कृपा करून असं करू नका.

डॉक्टरांना सरळ विचारा, हे पित्ताम्लामुळे होणारे जुलाब असतील का? त्यावर कोलेस्टिरामिन नावाची पावडर आहे, ती आतड्यातच पित्ताम्लाला धरून ठेवते, आणि बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो. पण ती बाकीच्या औषधांनाही धरून ठेवते, म्हणून थायरॉईड, बीपी वगैरेच्या गोळ्या तिच्या निदान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यायच्या, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. एका वेळी तळकट कमी खा, थोडं थोडं खा, इसबगोल पाण्यातून घेऊन बघा.

आणि डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला, संडासचा रंग मातीसारखा पांढुरका झाला, रक्त पडलं किंवा वजन उतरत चाललंय असं दिसलं तर घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पित्ताच्या नळीत खडा राहिलेला असू शकतो.