१९९७ चा कप कुणी नेला?

नमस्कार मंडळी. आज फुटबॉलवर बोलायचंय. पण ऑफसाइड म्हणजे काय ते ज्यांना आजवर कळलेलं नाही, त्यांनी लगेच रेडिओ बंद करू नये. विषय खेळाचा कमी आणि मोठेपणाचा जास्त आहे, आणि मोठेपणा कुणाला कळत नाही?

रविवारी सकाळी बेळगावच्या टिळकवाडीत लेले मैदानावर खेळून झालं की पोरं चहाच्या गाड्यावर थांबतात. गुडघ्याला लाल माती, बूट गळ्यात अडकवलेले. त्यात माझा मुलगा असतो, अंगात इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबची आकाशी जर्सी. त्याचा दोस्त त्याच शहराच्या युनायटेडवाला, तांबड्या जर्सीतला. त्या दिवशी दोघांची जुंपली होती. मोठा क्लब कुणाचा?

आमचा पोरगा म्हणाला, २०१९ साली एकाच मोसमात लीग, एफए कप आणि लीग कप, इंग्लंडचे तिन्ही आम्ही नेले. दोस्त म्हणाला, आमच्या वीस लीग आहेत, मोजून घे. पोरगा म्हणाला, त्यातली शेवटची २०१३ ची, तेव्हा तू बालवाडीत होतास. आणि २०२१-२२ ला कितवे आलात? सहावे! त्यावर दोस्तानं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, “सहावे आलो तरी पेपरात बातमी आमचीच असते.”

याला उत्तर नव्हतं. आमच्या पोराकडेही नव्हतं.

बाकाच्या कडेला माझे मामा बसले होते. पंच्याहत्तरी ओलांडली आहे, पण चहा अजून बशीत ओतूनच पितात. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, “पोरानु, १९९७ चा फेडरेशन कप कुणी नेला, सांगा बघू.”

फेडरेशन कप म्हणजे देशातल्या क्लबांचा तेव्हाचा मोठा कप. एकालाही सांगता आलं नाही. खरं सांगतो, मलाही आलं नाही. मोबाईल बाहेर निघाले तसे मामा म्हणाले, “त्यात कशाला बघूलालास रे खुळ्या? तोंडानं सांग की.”

आता मामांबद्दल थोडं सांगायला हवं. खानापूर तालुक्यातून लोंढ्याला गाडी पकडून कितीतरी माणसं पोटासाठी गोव्यात वास्कोला गेली, त्यातले हे एक. बंदरावर फिटर म्हणून हयात काढली. वास्कोत राहायचं म्हटलं की तिथला साळगावकर फुटबॉल क्लब आपोआप चिकटायचा, आणि मामांना तो जन्माचा चिकटला. रेशन कार्ड आणि एलआयसीच्या पावत्यांच्या पत्र्याच्या डब्यात गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमची तीन तिकिटं अजून आहेत. कागद इतका मऊ झालाय की घडी उलगडायची भीती वाटते. त्यावरची शाई गेली आहे. कुठली मॅच ते मामा सांगतात आणि आम्ही मान डोलावतो.

तर १९९७. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, १३ जुलै, फेडरेशन कपची सेमीफायनल, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, दोन्ही कोलकात्याचेच, एकमेकांचे कट्टर वैरी. त्या दिवशी मैदानात १,३१,७८१ माणसं होती. भारतात एवढी गर्दी दुसऱ्या कुठल्या फुटबॉल मॅचला झालेली नाही. ईस्ट बंगालनं ४-१ नं मॅच मारली, बायचुंग भुतियानं तीन गोल केले. भारतीय फुटबॉलची गोष्ट निघाली की ही मॅच निघतेच. पण ती सेमीफायनल होती, मंडळी! त्यानंतर फायनल झाली आणि फायनलमध्ये ईस्ट बंगाल हरलं. कप नेला साळगावकरनं.

मामांचं दुखणं ते हे. सेमीफायनल अजरामर झाली आणि कप बेवारस राहिला. “जिंकलो आमी, आणि नाव हरलेल्यांचं,” असं ते म्हणतात तेव्हा हसावं की गप्प राहावं कळत नाही.

मी त्या दिवसापासून या गोष्टीच्या मागे लागलो. कप जिंकून क्लब मोठा होत नसेल तर कशानं होतो?

पैशानं होतो म्हणावं तर स्पेनचा रियाल माद्रिद आहेच. २०२३-२४ च्या मोसमात शंभर कोटी युरोंच्या वर कमाई करणारा तो पहिला क्लब, आणि युरोपचा सगळ्यात मोठा कप त्यांनी पंधरा वेळा नेलाय. तिथं वादच नाही. पण तोच कप इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टनं १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा नेला, आणि स्वतःच्या देशाची लीग मात्र उभ्या जन्मात एकदाच जिंकली, १९७८ ला. पुढं १९९९ साली पहिल्या डिव्हिजनमधून जे बाहेर पडले ते तेवीस वर्षांनी परत आले. आता यांना मोठं म्हणायचं की नाही? तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर मोठंच.

आपल्याकडं मोठं घर आणि मोठं घराणं यात फरक करतात. घर कोणीही बांधतो. आखातात पाच वर्षं काढली की दोन मजले चढतात. घराण्याचं तसं नाही. वाडा पडलेला असतो, माळवदावर गवत उगवलेलं असतं, वारस हुबळीला कुणाच्या तरी दुकानात कामाला असतो. तरी गावच्या यात्रेत पहिला मान त्यांचा. युनायटेड आज पडका वाडा आहे. सिटी हे नवं घर आहे. २००८ साली अबुधाबीचा पैसा आला, म्हणून युनायटेडवाले त्यांना हिणवतात, की तुमचा मोठेपणा विकत आणलेला.

पण इथं मला आमच्या पोराची बाजू घ्यावी लागते. बाप आहे म्हणून म्हणा हवं तर. १९९८-९९ साली सिटी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होतं. त्या वर्षी २६ मे रोजी युनायटेडनं बार्सिलोनात शेवटच्या मिनिटांत दोन गोल ठोकून युरोप जिंकला. त्याच आठवड्यात, ३० मे रोजी, त्याच मँचेस्टरची सिटीवाली माणसं लंडनच्या वेंब्लीवर जिलिंगहॅम नावाच्या संघाशी मॅच बघत होती. तिसऱ्यातून दुसऱ्यात चढण्यासाठी! नव्वदाव्या मिनिटाला ०-२ नं मागं. लोक उठून चालू लागले होते. मग एक गोल, भरपाई वेळेत दुसरा, आणि शेवटी पेनल्टीवर जिंकले. त्या आठवड्यात गल्लीत युरोपच्या कपाची मिरवणूक चालली असताना ज्यांनी खिडकी लावून घेतली असेल, त्यांना कोणी विकत आणलं होतं? पैसा नऊ वर्षांनी आला. माणसं आधीपासून होती.

इंग्लंडच्याच सुंदरलंड क्लबचं तर विचारूच नका. त्यांनी शेवटची लीग जिंकली १९३६ ला, एफए कप १९७३ ला. २०१८ च्या नाताळात, डिसेंबरच्या सव्वीस तारखेला, तिसऱ्या डिव्हिजनमधल्या एका मॅचला त्यांच्या मैदानात ४६,०३९ माणसं आली. कडाक्याच्या थंडीत, पोटभर जेवून झोपायच्या दिवशी.

हे ऐकून कुणी म्हणेल, तिकडं चालतं, इकडं नाही. त्यांनी निपाणीहून बस पकडून कोल्हापूर गाठावं आणि शाहू स्टेडियममध्ये एक संध्याकाळ काढावी. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. कुस्तीच्या तालमींनी काढलेले संघ. यातल्या एकानंही देशाचा कप नेलेला नाही, आणि तिथल्या माणसाला ‘तुमचा क्लब देशात कितवा?’ असं विचारून बघा. पेठेत पहिला आहे ना, मग देश गेला खड्ड्यात! मी एकदा हा प्रश्न विचारला होता. शेजारचा माणूस माझ्याकडं बघत राहिला, मग त्यानं विचारलं, “पावणं कुठलं?” मी म्हटलं, बेळगावचा. तो म्हणाला, “मग बरोबर,” आणि पुन्हा मॅच बघायला लागला. काय बरोबर, ते मला अजून उमगलेलं नाही.

आणि एक सांगतो, कारण आपल्या भागात ते न सांगताही कळतं. स्पेनच्या उत्तरेला बिल्बाओ शहर आहे. तिथला अ‍ॅथलेटिक क्लब शंभरहून जास्त वर्षं फक्त बास्क खेळाडू खेळवतो. बास्क मुलखात जन्मलेले, नाहीतर तिथं फुटबॉल शिकून वाढलेले. कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण पाळतात. सगळं जग ब्राझील-आफ्रिकेतून पोरं आणत असताना हे आपल्याच गल्लीत शोधतात. आणि तरी स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमधून कधीही खाली न गेलेल्या तीनच क्लबांत त्यांचं नाव आहे. बाकी दोन माद्रिद आणि बार्सिलोना. २०२४ साली त्यांनी चाळीस वर्षांनी देशाचा कप जिंकला, तेव्हा तो एका जुन्या मालवाहू होडीत ठेवून नदीतून मिरवला. काठावर लाखोंनी माणसं. आपली भाषा, आपला मुलूख, आपली पोरं... जाऊ दे. रेडिओवर आहे मी, यात खोल शिरत नाही.

मग फॅनला मोठेपणाची पडलेली असते का? ‘आम्हाला काही फरक पडत नाही’ असं सगळे म्हणतात. खोटं आहे. फरक पडतो, पण समोर दुसरा कुणी असला की. घरात एकट्यानं मॅच बघताना आपला क्लब मोठा की लहान हे कुणाच्या मनातही येत नाही. तिथं फक्त ‘अरे पास दे, पास दे’ एवढंच असतं. मोठेपणा लागतो तो चहाच्या गाड्यावर.

उलट नावाला धक्का लागला की बघा. मोहन बागान १८८९ चा क्लब. १९११ साली जवळजवळ सगळ्यांनी अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीला हरवलं आणि आयएफए शील्ड नेली, ही गोष्ट शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. २०२० साली नव्या मालकांनी क्लब आपल्या एटीके या संघाशी जोडला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. पैसा आला, खेळाडू आले, आयएसएल, म्हणजे देशाच्या मोठ्या लीगमध्ये जागा मिळाली. आणि फॅन रस्त्यावर उतरले! ती तीन अक्षरं काढा, म्हणून. तीन वर्षं एकच मागणी.

१८ मार्च २०२३. आयएसएलची फायनल फातोर्ड्याला, मोहन बागान विरुद्ध बेंगळुरू. चोर्ल्याच्या घाटानं आम्ही पाचजण जीपनं निघालो. बेंगळुरू आपलं म्हणायचं की नाही, यावर जीपमध्ये कणकुंबीपर्यंत खल झाला. असला प्रश्न आमच्याकडं सहसा काढायचा नसतो, चहा गार होतो. पण बेंगळुरूचा आणि भारताचा सुनील छेत्री मैदानात दिसला की बाकीचे हिशेब विसरायला होतं. हाच तो माणूस, ज्यानं २०१८ ला मुंबईत भारताच्या मॅचला २,५६९ प्रेक्षक आल्यावर व्हिडिओतून हात जोडून सांगितलं होतं, की युरोपचे क्लब बघा, पण आम्हालाही शिव्या द्यायला तरी मैदानात या. पुढच्या मॅचची तिकिटं सगळी खपली होती.

माझ्या शेजारी साठीतले एक बंगाली गृहस्थ होते, खांद्यावर मोहन बागानचा हिरवा-मरून झेंडा. मॅच २-२, मग पेनल्टी, ४-३ नं मोहन बागान. गृहस्थ नाचले, बसले, पाणी प्यायले. थोड्या वेळानं त्यांच्या मोबाईलवर बातमी आली. मालकांनी जाहीर केलं होतं, पुढच्या मोसमापासून नावातलं एटीके जाणार, मोहन बागान सुपर जायंट होणार. आणि तेव्हा तो माणूस रडला. कप मिळाला तेव्हा नाही.

ते सावरल्यावर माझ्या पोराला काय सुचलं कोण जाणे, त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, “दादा, १९९७ चा फेडरेशन कप कुणी जिंकला होता?”

गृहस्थांनी कपाळाला हात लावला. ती सेमीफायनल त्यांनी स्टेडियममध्ये बसून बघितली होती आणि चार गोल खाऊन पायी घरी गेले होते. आठ दिवस गल्लीत तोंड दाखवलं नाही म्हणाले. “आणि फायनल?” पोरानं विचारलं.

“साळगावकर!” ते ओरडलेच. कसं विसरेन? ईस्ट बंगाल हरल्यावर त्यांच्या गल्लीत मिठाई वाटली होती.

आम्ही पहाटे बेळगावात पोहोचलो. दुसऱ्या रविवारी गाड्यावर मी मामांना सगळं सांगितलं. कोलकात्यात कुणालातरी आठवतंय, साळगावकरचं नाव घेतलं, मिठाई वाटली होती म्हणाले. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं. बशीतला चहा संपवला, ओठ पुसले.

“मिठाई म्हंजे कसली?” त्यांनी विचारलं. “रसगुल्ले की संदेश? विचारलास की नाही?”

मी म्हटलं, राहिलं विचारायचं.

“मग काय ऐकून आलास,” मामा म्हणाले, आणि गाडीवाल्याला आणखी पाच चहा सांगितले. पैसे त्यांनी दिले. हे मात्र १९९७ नंतर पहिल्यांदाच घडलं असावं.

नमस्कार.