पाडलेला पूल नकाशातून जातो कसा?

वरून दिसतोय तो पुण्यातला चांदणी चौक. जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकं लावून पाडला, नवा ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला, आणि हे जे रॅम्प एकमेकांवरून गेलेत ना, ते ओपनस्ट्रीटमॅपवर लोकांनी हाताने काढलेत. पगार नाही, काही नाही. २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला नकाशा आहे हा, विकिपीडियासारखा, कुणीही अकाउंट काढून बदल करू शकतं.

आता स्क्रीनकडे बघा. नुसती रेघ ओढून भागत नाही. पूल जिथे सुरू होतो तिथे रस्ता तोडायचा, तेवढ्या तुकड्याला पुलाचा टॅग, म्हणजे ‘हा पूल आहे’ अशी चिठ्ठी, वरच्या लेव्हलला लेयर एक, वन-वे असेल तर दिशा, आणि दोन्ही टोकं पुढच्या रस्त्याला जोडलीच पाहिजेत, नाहीतर रस्ता दाखवणाऱ्या अ‍ॅपला वाटतं रस्ता इथेच संपला. सॅटेलाइट फोटो बऱ्याचदा जुना असतो, त्यात पाडलेला पूल अजून उभाच! मग लांब कुठेतरी बसलेला एखादा भला माणूस तो परत काढून ठेवतो. म्हणून ही मंडळी तिथे टीप लिहून ठेवतात, ‘फोटो जुना आहे, पूल पाडलाय’, आणि गाडीवरून नवीन रॅम्पने जाऊन जीपीएसचा माग अपलोड करतात. प्रत्यक्ष जाऊन बघितलेलं ते खरं, बाकी सगळं अंदाजपंचे.

सदाशिव पेठेत तर चालतच फिरावं लागतं. फोनवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अ‍ॅप नकाशासाठी विचारतंय, हे दुकान अजून आहे का, फुटपाथ कसला आहे? पाटी वाचायची, नाव मराठीत टाकायचं. ‘गूगलवर बघून टाका की’ असं हमखास कुणीतरी म्हणतं. नाही चालत, लायसन्समध्ये बसत नाही ते.

चुकीचा वन-वे राहिला की लोक उलटे घुसतात, ते वेगळंच.

हे मंडई मेट्रो स्टेशन. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट लाइन २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली, की नकाशातला ‘बांधकाम चालू’ टॅग बदलायचा. पण भुयारात जीपीएस लागत नाही, त्यामुळे वर येऊन एकेक गेट मार्क करायचं, जिना कुठे, लिफ्ट कुठे. व्हीलचेअरवाल्याला गेट नंबरपेक्षा लिफ्टच महत्त्वाची. पुढचं गेट रस्त्याच्या पलीकडे आहे, आणि मंडईत रस्ता क्रॉस करणं म्हणजे... बघाच.